हुक लावायचा राहून गेला
‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’ : ब्रॉडवेवरच्या एका अपघाताचा घटनाक्रम

पाच वर्षे आधी. ऑक्टोबर २००५
निर्माता टोनी अ‍ॅडम्स ‘यूटू’ बँडच्या एजकडे न्यूयॉर्कमधल्या घरी या संगीतनाटकाच्या करारावर सही घ्यायला जातो. तिथेच त्याला पक्षाघाताचा झटका येतो आणि त्यातून तो उठत नाही. पण संगीत बोनो आणि एजचे, दिग्दर्शन ‘द लायन किंग’वाल्या ज्युली टेमोरचे. अशी नावे हाताशी असताना नाटक गुंडाळा असे म्हणणार कोण? भागीदार डेव्हिड गार्फिंकल सूत्रे हाती घेतो.

सोळा महिने आधी. ऑगस्ट २००९
पैसे संपतात. सेटचे काम थांबते. काही महिन्यांनी मायकल कोल येतो. रोलिंग स्टोन्सचे जगभरचे दौरे लावणारा हा माणूस. मोठ्या आकड्यांना बिचकणारा नव्हे. थांबण्याची खरी वेळ हीच होती असे मला वाटते. पण बुडालेले पैसे वर काढायला आणखी पैसे ओतायचे, हा हिशेब सगळीकडे सारखाच.

दोन महिने आधी. ऑक्टोबर २०१०
तिकीटविक्रीच्या धंद्यातल्या मंडळींना प्रात्यक्षिक दाखवताना रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झेपावणाऱ्या एका नर्तकाची दोन्ही मनगटे मोडतात. याच उडीत आधी एकाच्या पायाला लागले होते. राज्याच्या कामगार खात्याचे लोक येऊन उड्डाणे तपासतात.

बावीस दिवस आधी. रविवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०
बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या फॉक्सवुड्स थिएटरमध्ये पहिला पूर्वप्रयोग. खर्च साडेसहा कोटी डॉलरवर गेलेला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २९० कोटी रुपये. ब्रॉडवेवर इतके महाग नाटक आधी झालेलेच नाही. शिवाय ते रोज चालवायचा खर्च वेगळा, आठवड्याला दहा लाख डॉलरच्या घरात. नवे संगीतनाटक आधी दुसऱ्या शहरात लावून बघायचे, चुका तिथेच काढायच्या, अशी तिकडची जुनी रीत. पण ही यंत्रे याच थिएटरच्या छताला आणि जमिनीला बसवलेली. ती उचलून नेणार कुठे? त्यामुळे तालीमच तिकीट लावून करायची वेळ आली.

६.५४
चोवीस मिनिटे उशिरा पडदा उघडतो.

पहिला अंक
खेळ चार वेळा थांबतो. अरॅक्नीची भूमिका करणारी नटी नताली मेंडोझा प्रेक्षकांच्या डोक्यावर कितीतरी मिनिटे नुसती लटकत राहते. अंकाच्या शेवटी खुद्द स्पायडर-मॅनच हवेत अडकतो. खालून कामगार हात वर करून त्याचे पाय पकडायला बघतात, प्रेक्षक हसतात, टाळ्याही वाजवतात. अंक तिथेच संपला असे जाहीर करावे लागते.

दुसरा अंक
आणखी एकदा खंड. आपल्यावर प्रयोग चाललाय का, असे एक बाई भर थिएटरात ओरडून विचारते. याच रात्री विंगेत एक दोर मेंडोझाच्या डोक्यावर आदळतो आणि मेंदूला मार बसतो. खेळ मात्र ती पुरा करते.

शेवटचे काही दिवस
उद्घाटन ११ जानेवारीवरून ७ फेब्रुवारीला ढकलले जाते. मेंडोझा परत कामावर येते. गल्ला उत्तम. सकाळी अपघाताची बातमी छापून आली की लोक तिकिटाच्या खिडकीकडे जास्तच वळतात.

सोमवार, २० डिसेंबर, रात्री पावणेअकराच्या सुमारास. नाटक संपायला साधारण सात मिनिटे
पुलाचा प्रसंग. नायिका मेरी जेन खाली पडते आणि तिला वाचवायला स्पायडर-मॅन धावत येऊन उडी घेतो. त्याच्या वेषात आहे कसरतपटू क्रिस्टोफर टियर्नी. सगळ्या उड्डाणांमधला हा सर्वांत साधा प्रकार. मोटर नाही, संगणकाचे नियंत्रण नाही. पाठीला एक दोर, त्याचे दुसरे टोक सेटला अडकवायचे, म्हणजे उडी कडेला येऊन थांबते. ते टोक एका माणसाने हाताने हुकात अडकवायचे असते.

आज ते अडकवलेले नाही.

टियर्नी धावतो, झेपावतो आणि थेट रंगमंचापुढच्या खड्ड्यात कोसळतो. पडता पडता त्याच्या लक्षात आले होते. डोके वाचावे म्हणून आपण अंग वळवले, असे तो नंतर सांगत असे. कवटीला तडा, खांद्याचे हाड मोडलेले, चार बरगड्या आणि तीन मणके. प्रेक्षकांतल्या काहींना आधी हा खेळाचाच भाग वाटतो. खालून किंकाळी येते, दिवे जातात, खेळ बंद.

दुसरा दिवस
कामगार खाते, सुरक्षा अधिकारी, नटांची संघटना, सगळे थिएटरात. निष्कर्ष : मानवी चूक. यापुढे दोर लावला की दुसऱ्या माणसाने तो तपासायचा.

२३ डिसेंबर
नाटक पुन्हा सुरू.

त्यानंतर
मेंडोझा वर्ष संपता संपता नाटक सोडते. मार्च २०११ मध्ये टेमोरला बाजूला केले जाते, तीन आठवडे नाटक बंद ठेवून नवी संहिता बसवली जाते आणि १८२ पूर्वप्रयोगांनंतर १४ जूनला एकदाचे उद्घाटन होते. तोवर खर्च साडेसात कोटी डॉलर. बरा झालेला टियर्नी पुन्हा उड्या मारू लागतो. वर्षअखेरच्या एका आठवड्यात गल्ला २९ लाख डॉलरवर जातो, तेव्हाचा ब्रॉडवेचा उच्चांक. तरीही जानेवारी २०१४ मध्ये नाटक बंद पडले, तेव्हा गुंतवणूकदारांचे सहा कोटी डॉलरपर्यंत बुडाले असावेत असा अंदाज छापून आला.