बालवीर चळवळ आणि कुलपातील नोंदी

महोत्सवाच्या अंकात आपल्या धर्मग्रामाची हकीकत यावी, ख्रिस्तमंदिर बांधणाऱ्यांची व दान देणाऱ्यांची नावे यावी, जुनी छायाचित्रे यावी, हा प्रघात आहे. आणि तो या अंकात यथास्थित पाळलेला वाचकांस आढळेल. या लेखात मात्र आम्ही एका परकी संस्थेचा इतिहास सांगणार आहो, व तोही तिच्या वैभवाचा नव्हे. मंगल प्रसंगी असा विषय कशास, असे कोणी विचारील. आपल्या धर्मग्रामात वेदीसेवक मुले आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, युवकसंघ आहे, उन्हाळ्यात शिबिर भरते. या सर्व ठिकाणी आईबाप आपली मुले दुसऱ्याच्या हवाली करितात, आणि ती कोणत्या भरवशावर करितात हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील बॉय स्काउट्स, म्हणजे बालवीर संघ, या संस्थेस हाच प्रश्न तिच्या स्थापनेनंतर शंभर वर्षांनी भर न्यायालयात विचारला गेला. तिचे उत्तर आपल्याही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

चळवळीचा उगम इंग्लंडातला. तेथील दक्षिण किनाऱ्याशी पूल बंदरात ब्राउन्सी नावाचे लहानसे बेट आहे. सन १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने सुमारे वीस मुले तेथे नेऊन आठवडाभर तळ दिला. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात मॅफेकिंग शहर सात महिने वेढ्यात टिकवून धरिल्यामुळे त्यांचे नाव घरोघरी झाले होते. मुलांत काही बड्या शाळांतील होती व काही कामकरी वस्तीतील. सर्वांनी एकत्र तंबूत निजावयाचे, माग काढावयाचे, दोरीच्या गाठी शिकावयाच्या, रात्री शेकोटीभोवती बसून गोष्टी ऐकावयाच्या. पुढील वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. रोज एक तरी सत्कृत्य करावे, दुबळ्यास हात द्यावा, हा तिचा पाया. आणि नियमांत पहिला नियम विश्वासाचा: बालवीराच्या शब्दावर विसंबता यावे, यात त्याची अब्रू आहे.

या पहिल्या नियमाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. फ्रान्समधील येशूसंघीय फादर जाक सेव्हँ यांनी १९१३ साली इंग्लंडात जाऊन ही चळवळ पाहिली, व १९२० साली फ्रान्समधील कॅथलिक बालवीर संघ स्थापण्यात पुढाकार घेतला. नियमांचे फ्रेंच रूप सिद्ध करिताना त्यांनी पहिल्या नियमास किंचित निराळे वळण दिले. इंग्रजी नियमाप्रमाणे लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा यात बालवीराची अब्रू. फादर सेव्हँ यांच्या नियमाप्रमाणे त्या विश्वासास पात्र होण्यात त्याची अब्रू. शब्दांचा फरक अल्प, परंतु आमच्या मते अर्थाचा फरक मोठा आहे. कारण कोणी पात्र आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवून भागत नाही, ते दुसऱ्याने पाहावे लागते. (२०१२ साली पवित्र सभेने फादर सेव्हँ यांस ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले, हे वाचकांस ठाऊक असावे.)

हिंदुस्थानात पहिले पथक १९०९ साली बंगलोरास निघाले. हिंदी मुलांस त्याची दारे प्रथम बंद होती; ती पुढे उघडली, निरनिराळे संघ निघाले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ते एकत्र होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्ही अमेरिकेकडे वळतो, कारण तेथील प्रकार कागदोपत्री उघड झालेला आहे.

अमेरिकेतील संघ ८ फेब्रुवारी १९१० रोजी स्थापन झाला, व १९११ पासून १९४३ पर्यंत त्याची सूत्रे जेम्स वेस्ट यांच्या हाती होती. वेस्ट हे स्वतः पोरके, वॉशिंग्टन शहरातील अनाथालयात वाढलेले, क्षयरोगाने एक पाय अधू झालेले. तशा स्थितीत ते वकील झाले, मुलांच्या न्यायालयासाठी झटले, आणि १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निराधार मुलांविषयी जी परिषद बोलाविली तिच्यामागे त्यांची खटपट होती. मुलांविषयी ज्याच्या पोटात खरा कळवळा होता असाच हा मनुष्य. हे आम्ही मुद्दाम नमूद करितो, कारण पुढे जे घडले ते दुष्ट हेतूने आरंभिले गेले असा कोणाचा ग्रह होऊ नये.

संघास दहा वर्षे होतात न होतात तोच, १९२० च्या सुमारास, मध्यवर्ती कचेरीत एक नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. जे बालवीरनायक मुलांत ठेवण्यास अपात्र ठरले त्यांची नावे व कारणे तीत लिहिली जात. कारणे नाना प्रकारची असत. परंतु पुष्कळांचे कारण मुलांशी केलेले लैंगिक दुर्वर्तन हेच होते. कोठेही नवा नायक नेमावयाचा झाला की त्याचे नाव या नोंदीशी ताडून पाहावयाचे, अशी योजना होती. १९३५ साली न्यूयॉर्क टाइम्सने या यादीविषयी वृत्तही छापिले. अशी यादी आहे हे लपविलेले नव्हते. आत काय लिहिले आहे तेवढे कुलपात होते.

योजना ऐकावयास उत्तम वाटते, आणि तिने काही अपात्र माणसे बाहेर राहिली असतील यात शंका नाही. मग चूक कोठे झाली? नोंद कचेरीस माहीत असे. ज्या गावी प्रकार घडला तेथील आईबापांस माहीत नसे. पोलिसांस बहुधा कळविले जात नसे. नायकाने खाजगी कारणास्तव राजीनामा द्यावा, लोकांनी त्याचे आभार मानावे, आणि त्याने दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या मुलांत मिसळावे, असे होऊ लागले. २०१२ साली लॉस एंजेलिस टाइम्सने १९७० ते १९९१ या काळातील सुमारे १,६०० नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ५०० प्रकरणांत गुन्ह्याची पहिली वार्ता संघासच लागली होती. आणि त्यांतील सुमारे ४०० प्रकरणांत ती पोलिसांस कळविल्याची कोठेही नोंद नव्हती. शंभरांहून अधिक प्रकरणांत तर संघाच्या अधिकाऱ्यांनी प्रकार झाकला, किंवा अपराध्यास तो झाकू दिला.

येथे संघाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. आरोप शाबित झालेला नसताना एखाद्याचे नाव चारचौघांत घेणे हे पाप आहे, असे आम्हांस सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात शिकविले गेले, आणि ते खरे आहे. मनुष्याचे सुनाम हे त्याचे धन आहे; परनिंदा करणारा ते चोरितो. परंतु त्याच वर्गात पुढचे कलमही शिकवीत असत, ते पुष्कळांच्या स्मरणात राहत नाही. निरपराध तिसऱ्याचे नुकसान टळावे म्हणून एखाद्याचा गुप्त दोष, जो ते नुकसान टाळू शकेल त्याला सांगणे, ही परनिंदा नव्हे. प्रसंगी ते कर्तव्य होते. पापनिवेदनात ऐकलेले मात्र कोणत्याही कारणास्तव बाहेर येऊ शकत नाही. ते मौन संस्काराचे आहे. परंतु कचेरीतील मेजावर आलेली तक्रार म्हणजे पापनिवेदन नव्हे. पहिल्याचे पावित्र्य दुसऱ्यास चिकटविण्याची खोड धर्मगुरूंत आहे, व ती धर्मगुरूंबाहेरही आढळते.

ओरेगन संस्थानातील पोर्टलंड शहरी २०१० साली जो खटला चालला त्यात हेच दिसून आले. तेथील एका साहाय्यक नायकाने १९८३ साली पथकाशी संबंधित अशा मॉर्मन पंथाच्या स्थानिक प्रमुखापाशी, आपण सतरा मुलांशी दुर्वर्तन केल्याचे कबूल केले होते. तरी त्याचा मुलांशी संबंध तुटला नाही, व आणखी मुलांना त्याचे भोग भोगावे लागले. त्यांपैकी एक मुलगा मोठा होऊन न्यायालयात उभा राहिला. पंचांनी संघाविरुद्ध निकाल दिला आणि शिक्षा म्हणून १ कोटी ८५ लक्ष डॉलर देण्यास फर्माविले. खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या नोंदी खुल्या कराव्या अशी मागणी वृत्तपत्रांनी केली, ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१२ मध्ये ती मान्य केली, व १८ ऑक्टोबर २०१२ रोजी १९६५ ते १९८५ या काळातील सुमारे १,२०० नोंदी लोकांपुढे आल्या. काही गावी पोलीस, सरकारी वकील व धर्मोपदेशक यांनीही प्रकार दडपण्यास हातभार लाविला होता असे त्यांतून निघाले. पुढे १९४४ ते २०१६ पर्यंतच्या नोंदी तपासणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंनी २०१९ साली शपथेवर सांगितले की, त्यांत ७,८१९ संशयितांची व १२,२५४ मुलांची गणना होते. ही गणना केवळ ज्यांची नोंद झाली त्यांची.

नियम सुधारले गेले नाहीत असे नाही. १९८० च्या दशकातच संघाने असे ठरविले की, मुलांच्या कोणत्याही सहलीस निदान दोन प्रौढ असावे व एकटे मूल एकट्या प्रौढापाशी राहू नये. २००३ पासून नव्या स्वयंसेवकांची व २००८ पासून सर्वांची पूर्वचौकशी होऊ लागली. २०१० पासून बालरक्षणाचे शिक्षण सक्तीचे झाले. हे नियम चांगले आहेत, आपणही ते घ्यावे असे आहेत. पण ते कुलपातील नोंदींचे निवारण नव्हे. १८ फेब्रुवारी २०२० रोजी संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत ८२,००० हून अधिक माणसांनी, त्यांत कित्येक वृद्ध, आपण बालपणी पीडिलेले आहो असा दावा सांगितला. २०२३ च्या एप्रिलात अमलात आलेल्या योजनेने सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. मोठी रक्कम खरी. पण ज्यांस सविस्तर पुराव्याच्या भानगडीत पडावयाचे नाही त्यांस तीतून ३,५०० डॉलर एकरकमी घेऊन मोकळे व्हावे लागते.

निधीसाठी संघास आपली चित्रेही द्यावी लागली. नॉर्मन रॉकवेल हा प्रसिद्ध चित्रकार दशकानुदशके बालवीरांच्या दिनदर्शिकांसाठी चित्रे काढीत असे: हसतमुख मुले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला नायक, मागे तंबू व शेकोटी. अमेरिकेतील घराघरांत ही चित्रे भिंतीवर असत. २०२४ च्या नोव्हेंबरात डॅलस शहरी त्या संग्रहाचा लिलाव सुरू झाला, आणि त्याचे पैसे त्याच शेकोट्यांभोवती ज्यांचा घात झाला त्यांच्या निधीत जमा होऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने नावही बदलले; आता तो ‘स्काउटिंग अमेरिका’ म्हणवितो.

अमेरिकेतील पथके बहुधा चर्चे, शाळा व नागरी मंडळे यांच्या आश्रयाने चालत आली, व त्यांत कॅथलिक धर्मग्रामही आहेत. म्हणून दुसऱ्याचे घर जळताना पाहिल्यासारखे हे आपणांस पाहता येत नाही. शिवाय आपल्या घरीही कुलूप होतेच. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बिशपांच्या कचेरीत एक गुप्त दप्तर असते व त्याची किल्ली बिशपांपाशीच राहते. २००२ साली बोस्टन शहरी न्यायालयाच्या आज्ञेने तशी कागदपत्रे उघडली, तेव्हा धर्मगुरूंस एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलविल्याची तीच कथा त्यांत निघाली. बालवीरांच्या नोंदींहून वेगळी अशी फक्त नावे होती. त्यानंतर आपल्या सभेनेही पावले टाकिली. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार करण्याची लोकांस सुलभ अशी कायम व्यवस्था असलीच पाहिजे असे फर्माविले, व त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरील पोपदरबारी गुप्ततेचे बंधन काढून टाकिले.

आपल्या देशाचा कायदाही स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, मुलावर असा अपराध झाल्याचे ज्यास कळले त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. सद्‌भावाने कळविणाऱ्यावर कोणताही ठपका येत नाही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या मनुष्याचा अपराध कळविला नाही तर २१ व्या कलमान्वये त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धर्मग्रामात असा प्रमुख म्हणजे आम्ही. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात लाविला आहे.

बिशप धर्मग्रामाच्या भेटीस येतात तेव्हा बाप्तिस्म्याची, लग्नाची व मृत्यूची पुस्तके मेजावर मांडावी लागतात, व ती पाहून ते सही करितात. येत्या भेटीपासून त्याच मेजावर आणखी एक वही ठेवण्याचे धर्मग्राम समितीने ठरविले आहे. मुलांसोबत काम करणाऱ्या सर्वांची नावे, त्यांची चौकशी कोणी व केव्हा केली, शिबिरात रात्री कोण कोण होते, कोणती तक्रार आली व ती कोणास कळविली, हे तीत राहील. मुलाचे नाव व तक्रारीचा तपशील सोडून बाकीची पाने कोणाही पालकास मागितल्यास पाहता येतील. पोलिसांनी चौकशी करून ज्या तक्रारीत तथ्य नाही असे ठरविले, तिची नोंद किती वर्षे ठेवावी याविषयी मात्र समितीत अद्याप एकमत झालेले नाही.