बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक त्यांची संस्कृतातील विद्वत्ता, आणि दुसरी म्हणजे 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा. पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांना धर्मबुडवी ठरविले. मिशनरी मंडळींना एवढी मोठी पंडिता आपल्यात आल्याचा आनंद झाला. दोन्ही पक्षांचा हिशेब मस्तकावरील पाण्यापाशी संपला. बाईंचा मात्र तेथे संपला नव्हता, आणि तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

बाह्य आचार म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी शिकवावयास नको होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे सर्व कुटुंब घेऊन तीर्थामागून तीर्थे हिंडले. पुराणे वाचली, उपासतापास केले, जवळचे द्रव्य दानधर्मात संपविले. आणि शेवटी दुष्काळात आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. एवढे सोसलेल्या बाईने वाँटेजच्या मठात तरी निमूटपणे मान डोलवावी? तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडाले. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, आमच्या संस्कृतात का नकोत, असा बाईंचा सवाल. अंडे घातलेला पदार्थ त्या खाईनात, तर सिस्टरांना त्यात जुना जात्यभिमान दिसे. मला वाटते, येथे सिस्टरच आचारात अडकल्या होत्या. ताटातील पदार्थावरून अंतःकरण तोलण्याची खोड काही आपल्याच सासवांची नव्हे!

पुढे अमेरिकेचा प्रवास झाला, ग्रंथ लिहून झाला, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. नाव झाले, काम वाढले. अशा वेळी, बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली असता, बाईंना एका गोष्टीने ग्रासले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना मनापासून वाटू लागले. त्याच सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्रीचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक. 1851 साली स्वतःच प्रवचन करीत असता त्याचे मन पालटले. दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्यालाच पश्चात्तापाची गरज होती, हे वाचून बाई चपापल्या. विद्वत्ता, परोपकार, व्रतस्थ राहणी यांची पुंजी बाजूस ठेवून आपण पापी आहो एवढेच देवापुढे कबूल करणे त्यांना फार जड गेले असावे. हमरापूरच्या भगिनींना हे चटकन उमगेल. आपल्या कारखान्यांत मूर्ती ओली असता रंग चढविला तर पोपडे धरतात. आधी माती आतून वाळावी लागते.

1893 साली सदनावर वादळ उठले. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून बोभाटा झाला, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. धर्म शिकवावयाचा नाही असा करार होता, आणि बाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे.

पण अनुतापाची परीक्षा पुढे झाली. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या व दौंडजवळ केडगावी मुक्ति सदन वसविले. स्वतः दुष्काळातून वाचलेली बाई ती. तिला त्या डोळ्यांची ओळख होती.

जून 1905 मध्ये मुक्तीत मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, आपापले अपराध उघड सांगून क्षमा मागू लागल्या. हा गलका काही परक्या मिशनरी मंडळींनाही रुचला नाही. रमाबाईंनी त्यांचे ऐकले नाही. आपल्या लोकांनी आपल्या रीतीने रडावे-गावे, पाश्चात्य शिस्तीत बसूनच प्रार्थना करावी असे नाही, हा त्यांचा पक्ष. तथापि रडणे हाही एक आचारच होऊ शकतो. म्हणून मला मुक्तीतील विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना जास्त बोलके वाटतात.

त्या छापखान्यात बाईंचे अखेरचे काम चालू होते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, खेड्यातील बाईला कळावे म्हणून. पश्चात्तापाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो. 24 जुलै 1921 रोजी मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. त्यांचे बायबल 1924 साली बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच होते.