सीताफळ, उंदीर आणि कमल रणदिवे

बायॉलॉजी घेतली म्हणजे डॉक्टर व्हायचं, हे समीकरण काही 'नीट'ने जन्माला घातलेलं नाही. ते निदान नव्वद वर्षं जुनं आहे. पुण्यातल्या एका घरात तर ते खुद्द जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनीच मांडलं होतं.

दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची मुलगी कमल, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. मुलगी हुशार होती, हुजूरपागेत शिकलेली. वडिलांची इच्छा अशी, की तिने डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं. तिने दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि १९३९ मध्ये जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केलं.

वडिलांना नावं ठेवणं सोपं आहे. पण तेव्हा जीवशास्त्राची पदवी घेऊन माणूस करणार काय? कॉलेजात शिकवायचं, नाहीतर शेती खात्यात लागायचं. कलकत्त्याला झूऑलॉजिकल सर्व्हे १९१६ पासून होता, पण तिथे जागा कितीशा असणार? ज्याने स्वतः हा विषय जन्मभर शिकवला, त्याला त्यातली मोकळी दारं किती हे नेमकं ठाऊक होतं. मला तर यात जुनाट विचारांपेक्षा हिशोबच जास्त दिसतो. आजही मेडिकलचा नंबर हुकलेल्या मुलांना 'बीएस्सी कर, बघू पुढे' असं सांगतात, तेव्हा हाच हिशोब बोलत असतो.

एमएस्सीसाठी कमलताई पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांचं पेशीशास्त्र: सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची, त्यांचे आकार पाहायचे. पेशीशास्त्र वडिलांच्याही आवडीचं. लग्नानंतरच्या या शिक्षणात नवऱ्याची साथ होती. १९४३ मध्ये पदवी मिळाली.

सीताफळाची गुणसूत्रं मोजून पुढे करणार काय, असा प्रश्न तेव्हाही कोणीतरी विचारलाच असेल. उत्तर निघालं मुंबईत. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं होतं आणि तिथे वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरवर संशोधन उभं करत होते. कॅन्सर हा शेवटी पेशींचाच आजार. झाडाची पेशी पाहून तयार झालेली नजर गाठीतल्या पेशीवर लावता येते. कमलताईंनी खानोलकरांच्या हाताखाली काम केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एका भाषेतून दुसरीत उडी मारणं सहज असतं, कारण लॅपटॉप तोच राहतो. इथे प्रयोगशाळाच नसेल तर उडी मारायची कुठे? खानोलकरांचा विभाग नसता, तर कमलताई कदाचित सीताफळावरच थांबल्या असत्या. त्यांची जिद्द मी कमी लेखत नाही, पण जिद्दीच्या गोष्टी सांगताना परळची ती इमारत सगळेच विसरतात.

पुढचा मुक्काम अमेरिका, जॉन्स हॉपकिन्समधली जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गाठीतल्या पेशी जिथे शरीराबाहेर वाढत राहिल्या, तीच ही जागा. त्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. कमलताई तिथे ऊती-संवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर शिकल्या. पेशींना शरीराइतकी ऊब द्यायची, पोषक द्रव वेळेवर बदलायचा आणि जंतूचा कणही आत जाऊ द्यायचा नाही. एक झाकण निष्काळजीपणे उघडलं, की कित्येक आठवड्यांचं काम वाया.

परत आल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवरचं त्यांचं काम मला सगळ्यात रंजक वाटतं. १९३६ मध्ये बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की काही उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिलाकडे असं काही जातं ज्यामुळे पुढे गाठ होते. नंतर तो विषाणू निघाला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिन्ही एकमेकांत कसे गुंतलेत, हा कमलताईंचा प्रश्न होता. इथे नुसता डॉक्टर पुरत नाही, पेशी ओळखणारा माणूस लागतो. कुष्ठरोगाच्या जंतूवरच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. वडिलांना हवी होती तशी डॉक्टर नाही, तरी 'डॉ. रणदिवे' झाल्याच!

पण मला पद्मभूषणपेक्षा १९७३ सालची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वर्षी त्यांनी इतर सहकारी स्त्रियांसोबत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. नाव ऐकून भाषणं आणि शाल-श्रीफळ डोळ्यांसमोर येतं. या संस्थेने मात्र वाशीला काय बांधलं? नोकरी आणि शिक्षण करणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेल आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. एमएस्सी झालेली हुशार मुलगी प्रयोगशाळा का सोडते, याचं उत्तर बुद्धीत शोधायचं नसतं, तर संध्याकाळी सहा वाजता मूल कोणाकडे असतं यात शोधायचं असतं.

निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या, आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करायला. तिथे टिश्यू कल्चर नव्हतं. वजनकाटा होता, आणि मुलांच्या ताटात काय पडतं ते पाहायचं होतं.