दुर्बल गुरुत्वीय भिंगण : मापनातील पद्धतशीर त्रुटी

दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतील द्रव्यामुळे, मुख्यतः कृष्णद्रव्यामुळे, वळतो व त्यांच्या प्रतिमा किंचित ताणल्या जातात. या ताणास कर्तन म्हणतात. ते जेमतेम १ टक्का असते. दीर्घिकांची अंगभूत लंबवर्तुळता त्याच्या कित्येक पट. म्हणून लाखो दीर्घिकांची सरासरी घेतात. तिने यादृच्छिक त्रुटी घटतात, पद्धतशीर त्रुटी तशाच राहतात. सर्वेक्षण मोठे होईल तसे त्यांचेच वजन वाढते. विश्वातील विस्तृत द्रव्यरचनेमुळे होणारे कर्तन, म्हणजे विश्वीय कर्तन, प्रत्यक्ष आढळल्याचे चार गटांनी २००० मध्ये स्वतंत्रपणे जाहीर केले.

आकारमापन : वातावरण, दुर्बीण व शोधक यांमुळे प्रतिमा पसरते, ही विकृती बहुधा कर्तनाहून मोठी असते. ती ताऱ्यांवरून मोजतात, पण दीर्घिकेच्या जागी तारा नसल्याने अंतर्वेशन करावे लागते. शिवाय सीसीडीत साठलेला विद्युत्‌भार नव्या इलेक्ट्रॉनांना शेजारच्या पिक्सेलांकडे ढकलतो आणि तेजस्वी ताऱ्याची प्रतिमा मंद ताऱ्याहून रुंद उमटते. त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांवरून बसवलेली दुरुस्ती मंद दीर्घिकांना नेमकी लागू पडत नाही.

उरलेली त्रुटी दोन भागांत मांडतात : कर्तन ठराविक पटीत कमीजास्त दाखवणारी गुणक त्रुटी आणि कर्तन नसतानाही दिसणारी बेरीज त्रुटी. दुसरी निरीक्षणांतच ओळखू येते. पहिली खऱ्या संकेतात मिसळून जाते, म्हणून तीच अधिक घातक. भिंगणातून जवळजवळ न उद्भवणारा ‘बी’ घटक शून्य आला, तरी गुणक त्रुटी नाही असे सिद्ध होत नाही. कायझर, स्क्वायर्स व ब्रॉडहर्स्ट यांची पद्धत (१९९५) दीर्घकाळ रूढ होती. ‘स्टेप’ प्रकल्पात (२००६) कर्तनाचे मूल्य गुप्त ठेवलेल्या कृत्रिम प्रतिमांवर अनेक पद्धती तपासल्या गेल्या. मेटाकॅलिब्रेशनमध्ये (२०१७) खऱ्या प्रतिमांनाच कृत्रिम कर्तन देऊन पद्धतीचा प्रतिसाद मोजतात. कृत्रिम दीर्घिका खऱ्यांसारख्या आहेत का, हा प्रश्न त्यामुळे बराचसा टळतो.

ताम्रसृती : कर्तनाचा अर्थ लावण्यास दीर्घिकांची अंतरे लागतात. ती ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला यावरून, कळतात आणि ताम्रसृती काही मोजक्या रंगपट्ट्यांतील तेजावरून अंदाजतात. सुबारू दुर्बिणीवरील हायपर सुप्राइम-कॅमच्या तिसऱ्या वर्षाच्या विश्लेषणात (२०२३) दीर्घिकांच्या दूरच्या गटांच्या ताम्रसृतीतील त्रुटीला मोकळीक देऊन ती कर्तनाच्या विदेवरूनच ठरवली गेली. अशा त्रुटी अंतिम निष्कर्षांतही उतरू शकतात. द्रव्याच्या गुठळ्या किती दाट आहेत हे सांगणारी एस८ ही राशी प्लांक उपग्रहाच्या मापनांवरून सुमारे ०.८३ येते, किड्स या भिंगण-सर्वेक्षणाच्या किड्स-१००० विश्लेषणात ती ०.७७ च्या आसपास आली, तर किड्स-लेगसीत (२०२५) ०.८१५. आधीच्या तफावतीत त्रुटींचा वाटा किती, यावर एकमत नाही.

अंगभूत संरेखन : शेजारच्या दीर्घिका भिंगणाशिवायही एका दिशेला कललेल्या असू शकतात आणि हा कल कर्तनासारखाच दिसतो.

अवकाशीय मापन : यूक्लिड या अवकाश दुर्बिणीला (प्रक्षेपण १ जुलै २०२३) वातावरणाचा अडथळा नाही, मात्र अवकाशातील प्रारणाने शोधकात दोष निर्माण होतात, त्यांत विद्युत्‌भार अडकून मागाहून सुटतो व प्रतिमेला वाचनाच्या दिशेने शेपूट फुटते.