गोळीच्या पाकिटातला कागद

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात बारीक अक्षरांत छापलेला एक कागद असतो. पुष्कळ जण तो न वाचताच टाकून देतात. पण हा कागद तिथे आपोआप आलेला नाही. बायांनी तो मागून घेतला आहे. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

गर्भ राहिला की बाईच्या शरीरातले प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, नवे बीज सुटू देत नाही. हेच काम गोळीकडून करून घ्यावे, असे शास्त्रज्ञांच्या मनात आले. अमेरिकेत मार्गारेट सँगर या बाईंनी त्याचा ध्यास घेतला, कॅथरिन मॅककॉर्मिक यांनी पैसा पुरवला, आणि डॉ. पिंकस व डॉ. रॉक यांनी संशोधन केले.

१९५६ साली पोर्टो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. गरीब बाया आपणहून आल्या, कारण पाठोपाठच्या बाळंतपणांनी त्या थकल्या होत्या. गोळीने गर्भ राहत नाही, एवढे त्यांना सांगितले. हा प्रयोग चालला आहे, हे मात्र सांगितले नाही. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की, शंभरातल्या सतरा जणींना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६० साली गर्भनिरोधक म्हणून गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली.

त्या गोळीतले इस्ट्रोजेन आजच्या नेहमीच्या गोळीच्या सुमारे पाचपट होते! पुढे रक्तात गुठळ्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९६९ साली बार्बरा सीमन यांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९७० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये चौकशी झाली. तेव्हा श्रोत्यांतल्या तरुणी मध्येच उभ्या राहिल्या. गोळी घेणाऱ्या बाईला का विचारत नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी पाकिटात माहितीचा कागद घालण्याचा हुकूम निघाला. पुढे गोळीतली मात्राही उतरत गेली.

आता आपल्याकडचे पाहू. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. रोज एक, ठरल्या वेळी घ्यावी. एक चुकली तर आठवताच घ्यावी. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर गोळी पुन्हा सुरू करून सात दिवस निरोधही वापरावा.

ही गोळी सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब वाढलेला असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, वय पस्तिशीपुढे असून विडी-सिगारेटची सवय असेल, किंवा अंगावर पिणारे मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय निवडावा. गोळी चालू असताना एका पायाला सूज व कळ, छातीत दुखणे, धाप, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी आली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

तेव्हा परिचारिका किंवा आशाताई रक्तदाब मोजू लागल्या, चार प्रश्न विचारू लागल्या, तर बायांनो, कंटाळू नका. हे प्रश्न पोर्टो रिकोच्या बायांना कोणी नीट विचारले नव्हते. आणि गुरुजींनो, बाईंनो, तो कागद कोणी वाचून मागितला, तर संकोच न करता वाचून दाखवा.