कुलाब्याचे गणकयंत्र

बाजारात तयार आकाशकंदील मिळत असता घरी काड्या बांधीत कशाला बसायचे? असाच प्रश्न कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला कुणी विचारू शकला असता. कलकत्त्याने १९५५ च्या सुमारास गणकयंत्र विलायतेहून आणविले. येथील शास्त्रज्ञांनी मात्र ते स्वतः रचायचे ठरविले.

आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी प्रथम लहान नमुना चालवून पाहिला, मग मोठे यंत्र हाती घेतले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मरणशक्ती होती ती तारांत ओवलेल्या फेराइटच्या इवल्या कड्यांची. एका कडीत शून्य किंवा एक, एवढेच मावे. अशा ४० अंकांचा एक शब्द, आणि असे २,०४८ शब्द! १९६० साली यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले.

पण वाचकहो, तोवर जगात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागला होता. १९६४ साली संस्थेत अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. मग श्रम वाया गेले काय? विकतच्या यंत्राबरोबर ते चालविण्याची पुस्तिका येते. टिफ्रॅक रचणाऱ्यांना मात्र यंत्राची नस न् नस कळली, आणि त्या जाणत्या हातांमुळे मुंबईत संगणक-संशोधनाची परंपरा रुजली.