कॉमिक कॉन : संमेलनाची पूर्वतयारी आणि सामानाची बांधाबांध

चित्रकथांचे वाचक, चित्रकार, लेखक, प्रकाशक आणि संग्राहक यांना दोन-तीन दिवस एका छताखाली आणणाऱ्या संमेलनास जगभर 'कॉमिक कॉन' या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९७० मध्ये एका हॉटेलात भरलेल्या एकदिवसीय मेळाव्यातून या प्रकारच्या सर्वांत प्रसिद्ध संमेलनाचा उगम झाला. आज तेथे एक लाख तीस हजारांहून अधिक लोक येतात. फ्रान्समधील अँगुलेम येथे १९७४ पासून चित्रकथांचा महोत्सव भरतो, तर जपानमध्ये हौशी चित्रकारांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांचा 'कॉमिकेत' हा मेळा डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत सुरू झाला.

भारतात जतीन वर्मा यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०११ मध्ये नवी दिल्लीतील दिल्ली हाट येथे पहिले कॉमिक कॉन भरले. पुढे मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, चेन्नई आदी शहरांत ही संमेलने भरू लागली. भारतीय वाचकाला चित्रकथा त्याआधीही नवी नव्हती. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने वेताळ मराठीत आणला, १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथा'ने पुराणे व इतिहास घरोघरी पोहोचवला आणि १९८० मध्ये 'टिंकल' आले. त्या अंकांवर वाढलेली पिढी आज आपल्या मुलांना घेऊन या संमेलनांत दिसते.

संमेलनास जाणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग वाचक व संग्राहकांचा, दुसरा आवडत्या पात्राचा वेश धारण करणाऱ्यांचा आणि तिसरा आपली पुस्तके व चित्रे विकावयास आलेल्या चित्रकारांचा व स्वतंत्र प्रकाशकांचा. प्रत्येकाची तयारी वेगळी असते आणि ती चुकल्यास होणारे नुकसानही वेगळे असते.

तारीख, तिकीट आणि निवास

भारतातील बहुतेक कॉमिक कॉन शनिवार-रविवारला जोडून, म्हणजे दोन किंवा तीन दिवस भरतात. तिकीट दिवसागणिक असते, त्यामुळे आवडत्या पाहुण्या चित्रकाराचे सत्र नेमके कोणत्या दिवशी आहे हे पाहूनच ते काढावे. अनेक वर्षे प्रवेशासोबत विशेष कॉमिक, पोस्टर अशा वस्तू देण्याची प्रथा असल्याने तिकिटांचे प्रकारही नीट वाचून घ्यावेत.

परगावाहून येणाऱ्यांनी स्थळ आणि निवास यांतील अंतराचा विचार आधी करावा. दिल्लीतील संमेलन गेल्या काही वर्षांत डिसेंबरमध्ये ओखला येथील एनएसआयसी मैदानावर भरले आहे. त्या महिन्यात उत्तर भारतात धुके दाटते आणि रेल्वेगाड्यांना काही तासांचा विलंब होणे नित्याचे असते. नागपूर, भोपाळ किंवा इंदूरहून निघणाऱ्याने संमेलनाच्या सकाळी दिल्लीत उतरण्याचा बेत न आखता एक दिवस हाताशी ठेवणे श्रेयस्कर. दिवसा उबदार वाटणारे मैदान सूर्यास्तानंतर चांगलेच गारठते, म्हणून एखादे जाड जाकीट पिशवीत असावे. मुंबई व चेन्नईत मात्र घाम आणि दमट हवा यांचीच तजवीज करावी लागते.

वाचक व संग्राहकाची पिशवी

संग्राहकाने घरून निघण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. एक आपल्याकडे असलेल्या अंकांची आणि दुसरी हव्या असलेल्या अंकांची. दालनात दुकानांची गजबज असते आणि एकच अंक दोनदा घेतला गेल्याचे घरी आल्यावर लक्षात येते. खर्चाची मर्यादाही आधीच ठरवावी. गर्दीच्या ठिकाणी मोबाइलचे जाळे कोलमडते आणि यूपीआयने पैसे जाईनासे होतात, तेव्हा थोडी रोख रक्कम, विशेषतः सुटे पैसे, उपयोगी पडतात.

चित्रकथा कागदाच्या असतात आणि कागदाचे शत्रू तीन : ओलावा, ऊन आणि घडी. जुन्या अंकांचा वृत्तपत्री कागद लिग्निन या घटकामुळे प्रकाशात पिवळा पडतो व ठिसूळ होतो. म्हणून अंक पारदर्शक पॉलिप्रॉपिलिनच्या आवरणात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवतात. दीर्घकाळ जपावयाच्या अंकांसाठी मायलर हे अधिक टिकाऊ आवरण वापरले जाते. साधा पुठ्ठा आम्लयुक्त असल्यास काही वर्षांत त्याचाच डाग अंकावर उमटतो. प्रवासासाठी अशी दहा-वीस आवरणे, ती न दुमडता राहतील असे कडक फोल्डर आणि पोस्टरसाठी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी एवढे साहित्य पुरेसे होते. पोस्टर हातात गुंडाळून गर्दीतून नेल्यास ते सहसा शाबूत परतत नाही.

जुना अंक विकत घेताना पैसे देण्यापूर्वी तो उघडून पाहावा. मधली पाने टाचणीतून सुटली आहेत का, टाचणी गंजली आहे का, कोडे किंवा कूपन कापून घेतले आहे का, आणि पाठीच्या कण्यावर चिकटपट्टी लावली आहे का, या चार गोष्टी तपासल्या की बहुतेक फसगत टळते. स्वाक्षरीसाठी घरून पुस्तके नेणार असल्यास ती दोन-तीनच न्यावीत. रांग मोठी असते आणि एका वाचकाने दहा पुस्तके पुढे केली की मागच्यांचा वेळ संपतो.

वेश धारण करणाऱ्यांची तयारी

पात्रांचे वेश करून संमेलनास जाण्याची प्रथा चित्रकथा-संमेलनांहून जुनी आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकालीन वेशात आले होते. ते दोन्ही वेश डग्लस यांनी शिवले होते. 'कॉस्प्ले' हा आजचा रूढ शब्द मात्र १९८० च्या दशकात जपानमध्ये घडला.

आज चिलखते व शस्त्रांच्या प्रतिकृती प्रामुख्याने ईव्हीए फोमपासून बनवतात. हा फोम हलका असतो, उष्णतेने वळतो आणि रंग धरतो. पण त्यातून हवा खेळत नाही आणि दडपला की त्यावर कायमची खूण राहते. म्हणून संपूर्ण पोशाख घालून घरीच दोन तास वावरून पाहावे. जिना चढता येतो का, बसता येते का, मुखवट्यातून दोन्ही बाजूंचे दिसते का आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय स्वच्छतागृहात जाता येते का, याची परीक्षा तेव्हाच होते. अंगाला रंग लावायचा असेल तर एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडा लावून त्वचेची प्रतिक्रिया पाहावी. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याविना वापरू नयेत, एकमेकांच्या घालू नयेत आणि नळाच्या पाण्याने धुऊ नयेत. त्यातून होणारा संसर्ग दृष्टीवर बेतू शकतो.

पोशाख भरताना मोठे भाग सुटे करून एकात एक बसवावेत, पोकळ जागेत कपडे कोंबावेत आणि नाजूक भागांभोवती जुनी चादर गुंडाळावी. कृत्रिम केसांचा टोप जाळीत घालून फुगवलेल्या पिशवीवर चढवला तर त्याचा आकार मोडत नाही. सोबत दुरुस्तीचा एक डबा असावा. त्यात सुईदोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, कापडी पट्टी, सुटे बंद, पोशाखाच्या रंगाची छोटी बाटली आणि पायाला लावावयाच्या मलमपट्ट्या ठेवाव्यात. पोशाखाचे बूट पायाला लागले तर बदलण्यासाठी साध्या चपला विसरू नयेत.

खऱ्या शस्त्रांना आणि धारदार धातूच्या प्रतिकृतींना संमेलनात प्रवेश नसतो व दारावर तपासणी होते. प्रत्येक संमेलनाची नियमावली वेगळी असल्याने लांबी, वजन व साहित्य यांविषयीची अट आधी वाचावी. कॉमिकेतमध्ये तर घरून वेश करून येण्यासच मनाई आहे. तेथे कपडे बदलण्याच्या स्वतंत्र खोल्या असतात. भारतातही मेट्रो किंवा लोकलने प्रवास करताना खोटी तलवार वा बंदूक उघडी नेणे टाळावे. सुरक्षारक्षकाला ती खोटी आहे हे दुरून कळत नाही.

याच संदर्भातील आणखी एक नियम आता जगभर रूढ होत आहे. वेश केलेल्या व्यक्तीला न विचारता स्पर्श करू नये आणि छायाचित्रही परवानगीनेच घ्यावे. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये वेशभूषा म्हणजे संमती नव्हे, असे फलक ठळकपणे लावले. विशेषतः मुली व स्त्रियांना मोकळेपणाने सहभागी होता येणे या साध्या नियमावरच अवलंबून असते.

विमान आणि रेल्वे

भारतातील देशांतर्गत विमानप्रवासात सामान्य वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे सात किलोंची एकच हातपिशवी नेता येते आणि बहुतांश कंपन्या पंधरा किलोंपर्यंतचे सामान विमानाच्या पोटात विनाशुल्क घेतात. शस्त्रांच्या प्रतिकृती हातपिशवीत चालत नाहीत. पॉवर बँकचे नेमके उलट आहे. ती फक्त हातपिशवीतच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस वेगळ्या परवानगीची गरज नसते, त्यावर १६० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची अनुमती लागते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे मर्यादेत बसते. रंगाचे फवारे आणि ज्वालाग्राही गोंद विमानात कोठेही नेता येत नाहीत. ते मुक्कामाच्या शहरातच विकत घ्यावेत.

रेल्वेत शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. अवजड पोशाख आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांसाठी म्हणूनच रेल्वे सोयीची पडते. ज्वालाग्राही वस्तूंना मात्र तेथेही बंदी असून १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ अन्वये तो दंडनीय गुन्हा आहे. थिनरची छोटी बाटलीही यात मोडते.

टेबल मांडणारा चित्रकार

संमेलनाचा खरा कस लागतो तो छोट्या प्रकाशकाचा. मोठ्या दुकानांत ज्याच्या पुस्तकाला जागा मिळत नाही, त्याला वाचक समोरासमोर भेटतो तो येथेच. मुंबईचे व्यंगचित्रकार अभिजीत किणी यांची 'अँग्री मावशी' ही नऊवारीतील नायिका अशाच संमेलनांतून वाचकांपर्यंत पोहोचली. परंतु टेबलाचे भाडे, छपाई, प्रवास आणि निवास हा सारा खर्च आधी होतो व मिळकत दोन दिवसांत व्हावी लागते.

त्यामुळे हिशेब घरीच मांडावा. समजा एकूण खर्च ३०,००० रुपये झाला आणि छपाई वजा जाता प्रत्येक प्रतीमागे १०० रुपये उरत असतील, तर खर्च भरून निघण्यासाठीच ३०० प्रती विकाव्या लागतील. दिवसाचे आठ तास धरले तरी दोन दिवसांत तासाला सुमारे १९ प्रती होतात. एकट्या पुस्तकावर हे गणित जमणे अवघड आहे. म्हणूनच बहुतेक चित्रकार छापील चित्रे, स्टिकर, बिल्ले आणि जागेवर काढून दिलेली रेखाचित्रे यांची जोड देतात.

वजनाचाही अंदाज घ्यावा. ए-५ आकाराचे, १०० जीएसएम कागदावरील ३२ पानी पुस्तक जाड मुखपृष्ठासह सुमारे ६५ ग्रॅम भरते. अशा २०० प्रती म्हणजे १३ किलो. विमानातील मोफत सामानाची मर्यादा त्यातच जवळजवळ संपते. पुस्तके छोट्या खोक्यांत, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचा आधार देऊन आणि आतून प्लॅस्टिकचे अस्तर घालून भरावीत. एका मोठ्या खोक्यापेक्षा दोन लहान खोकी उचलण्यास सोपी जातात आणि एक हरवले तरी दुसरे हाती राहते.

टेबलासाठी साधे कापड, चित्रे उभी लावण्याची घडीची जाळी, दुरून वाचता येईल असे दरपत्रक, क्यूआर कोडची छापील प्रत, सुट्या पैशांची पेटी, विक्रीची वही आणि कात्री एवढे हवेच. सोबत एक विश्वासू माणूस असावा. एकट्याने टेबल सांभाळणाऱ्याला जेवावयासही उठता येत नाही.

गर्दी, मुले आणि प्रकृती

लहान मुलांच्या खिशात पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची एक ठळक खूण आत शिरताच ठरवून घ्यावी. मुलाने वेश केला असेल तर त्याचे त्या सकाळचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे, कारण तशाच वेशातील आणखी मुले गर्दीत असू शकतात.

संमेलनाला नियमित जाणाऱ्यांमध्ये एक साधा पाठ प्रचलित आहे : रोज किमान सहा तास झोप, दोन वेळचे जेवण आणि एक स्नान. हसू येईल इतका साधा असूनही उत्साहाच्या भरात नेमका तोच मोडतो. पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, ओआरएसची पाकिटे, हात धुण्याचे द्रव्य आणि आत नेऊ देत असल्यास चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चिक्की असे टिकाऊ खाणे जवळ ठेवावे. परतल्यानंतर सर्दी-खोकल्याने आजारी पडण्याचे प्रमाण मोठे असते. खोकला असणाऱ्याने मास्क लावणे हा इतरांविषयीचा शिष्टाचार होय.

परतीची जागा

निघताना पिशवी गच्च भरणे ही या प्रवासातील सर्वांत सामान्य चूक आहे. जाताना सामानाचा निदान तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा, कारण परतताना पुस्तके वाढलेली असतात. घडी घालता येणारी एक जादा पिशवी यासाठी पुरते. घरी पोहोचल्यावर अंक लगेच बाहेर काढून, ओलावा नसल्याची खात्री करून उभे ठेवावेत; पोशाखातला घाम वाळवूनच तो बंद करावा; आणि टेबल मांडणाऱ्याने किती प्रती नेल्या, किती विकल्या, किती परत आणल्या याची नोंद त्याच दिवशी करावी. पुढच्या वर्षी किती छापावे याचे उत्तर त्या नोंदीतच असते.